माकडतापाची लस: बाही वर करणाऱ्यांच्या बाजूने एक परीक्षण

क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे सिंधुदुर्गात ज्याला सरसकट माकडताप म्हणतात, त्या आजारावर १९९० च्या दशकापासून दिल्या गेलेल्या लसीचे हे परीक्षण आहे. ही लस कधी औषधाच्या दुकानात विकली गेली नाही, तिची जाहिरात झाली नाही आणि तिच्यासाठी कुणी पैसेही मोजले नाहीत. आरोग्य खात्याने गावात येऊन ती फुकट टोचली. २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने ती देणे थांबवले, त्यामुळे आज ती मिळतही नाही. न मिळणाऱ्या वस्तूचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे की तिच्या जागी नवी लस तयार होत आहे, आणि जुनी लस नाकारणाऱ्या हजारो लोकांची नोंद मात्र अजूनही अहवालांच्या तळाशी ‘जनजागृतीचा अभाव’ या दोन शब्दांत होते. जी वस्तू लोकांनी नाकारली ती वस्तू मुळात कशी होती, हा प्रश्न त्या दोन शब्दांखाली झाकला जातो.

आधी गरज पाहू, कारण गरजच नसेल तर नकाराला अर्थ उरत नाही. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत लोकांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, संशोधक तिथे पोहोचले. माकडे मरत असल्याने सुरुवातीला पीतज्वर भारतात शिरला की काय अशी धास्ती होती. प्रत्यक्षात हाती लागला तो एक नवाच विषाणू, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. जंगलातील हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड तो पसरवते, आणि माणसाला प्रामुख्याने चावते ती तिची अर्धवट वाढलेली पिल्ले, जी पाचोळ्यात सहज नजरेला पडत नाहीत. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकदम ताप चढतो, कपाळ आणि अंग असह्य दुखते, काहींना नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांचा ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर पुन्हा चढतो आणि मग मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के आहे. विषाणूवर थेट चालणारे औषध नाही. जो वाचतो त्याचाही अशक्तपणा कित्येक आठवडे जात नाही, आणि हातावर पोट असलेल्या घरात हे आठवडे म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम असतो.

पन्नासेक वर्षे हा आजार कर्नाटकच्या मलनाड पट्ट्यापुरता आहे असे समजले जात होते. २०१२ नंतर तो समज मोडला. बांदीपूर, निलगिरी, वायनाड असा तो दक्षिणेकडे दिसू लागला, आणि उत्तरेकडे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पालीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात, केर आणि आसपासच्या गावांत उद्रेक झाला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसराने तो अनुभवला. दोडामार्ग आणि सत्तरीत आजाराचा हंगाम आणि कामाचा हंगाम एकच असतो. पिल्लू-गोचिडींचा जोर डिसेंबरपासून मेपर्यंत असतो. नेमक्या याच काळात भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पाचोळा) गोळा होतो, कवळ (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) तोडली जाते, जळाऊ लाकूड आणले जाते, आणि फेब्रुवारीच्या सुमारास काजूची बी वेचायला सुरुवात होते. गोव्यात फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचे फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून गळालेलाच घेतात, त्यामुळे वेचणाऱ्याचे हात दिवसभर पाचोळ्यातच असतात. ‘जंगलात जाऊ नका’ हा आरोग्य खात्याचा सल्ला इथे ‘कामाला जाऊ नका’ असा ऐकू येतो. तेव्हा लसीची गरज खरी होती, आणि ती लोकांनाही कळत होती. दारात माकड मरून पडलेले पाहिलेल्या माणसाला आजाराची भीती घालण्यासाठी भित्तिपत्रकाची आवश्यकता नसते.

आता वस्तू. कोंबडीच्या अंड्यातील भ्रूणाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा, फॉर्मालिनने तो निष्क्रिय करायचा आणि त्याची लस बनवायची, ही पद्धत पुण्याच्या संस्थेत १९६० च्या दशकात विकसित झाली. त्याआधी रशियन मेंदूज्वराची लस इथे चालते का हे पाहिले गेले होते. ती चालली नाही. लसीसाठी वापरलेला विषाणू १९५७ मध्ये वेगळा केलेल्या पी९६०५ या वाणाचा. पुढे तिचे उत्पादन बंगळूरला हेब्बाळ येथे, पशुआरोग्य आणि पशुलसी बनवणाऱ्या सरकारी संस्थेत होत राहिले. सात ते पासष्ट वर्षे वयाच्या लोकांना एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, त्यानंतर सहा ते नऊ महिन्यांनी एक वर्धक (बूस्टर) मात्रा, आणि परिसरात शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर पुढची पाच वर्षे दरवर्षी आणखी एक वर्धक मात्रा, असे तिचे वेळापत्रक होते. म्हणजे कागदावर ज्याला ‘पूर्ण लसीकरण’ म्हणायचे, ते प्रत्यक्षात अनेक वर्षे चालणारे वार्षिक बंधन होते. दहा-बारा वर्षांत एकदा धनुर्वाताचे इंजेक्शन घेणाऱ्या माणसाकडून इतकी चिकाटी मागण्यासाठी वस्तू फारच चांगली असावी लागते.

ती किती चांगली होती, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि त्या दोन उत्तरांमधल्या अंतरातच या लसीची सगळी कहाणी आहे. पहिले उत्तर १९९० ते १९९२ या काळातील क्षेत्रीय चाचणीचे. एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण मिळते, असा त्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या बळावर लसीकरण कार्यक्रम चालत राहिला. दुसरे उत्तर २०१३ मध्ये आले. कर्नाटकातील २००५ ते २०१० या काळातील रुग्ण आणि लसीकरणाच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवले की एका मात्रेचा उपयोग शून्य आहे, दोन मात्रांचा ६२.४ टक्के, आणि दोन मात्रांवर वर्धक मात्रा घेतली तर ८२.९ टक्के. त्याच अभ्यासाने हेही नोंदवले की लस घेणाऱ्यांचे प्रमाण मुळातच कमी आहे आणि वर्धक मात्रेपर्यंत पोहोचणारे तर त्याहून कमी.

हे आकडे गावात कसे दिसतात ते समजून घेतले पाहिजे. ६२ टक्के संरक्षण म्हणजे लस नसती तर आजारी पडले असते अशा शंभरांपैकी अडतीस जण दोन्ही मात्रा घेऊनही आजारी पडणार. वाडीवस्तीच्या पातळीवर हे अडतीस जण अनोळखी आकडे नसतात. ते शेजारी असतात, भावकीतले असतात, त्यांनी आरोग्य सेविकेसमोर हात पुढे केल्याचे सगळ्यांनी पाहिलेले असते. वाचलेले बासष्ट मात्र कुणालाच दिसत नाहीत, कारण न झालेला आजार कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यात कोकणात तापाला तोटा नाही. मलेरिया, डेंगी, साधा विषाणूजन्य ताप यांपैकी काहीही झाले तरी लस घेतलेल्या माणसाला आलेला प्रत्येक ताप लसीच्याच खात्यावर जमा होतो. नमुना तपासून अहवाल येण्यास उशीर झाला, की तोवर गावाचा निर्णय होऊन गेलेला असतो. ‘टोचून घेतलं तरी झालंच’ हे वाक्य अफवा म्हणून नोंदवले जाते, पण या लसीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे निरीक्षण होते. ज्यांनी संख्याशास्त्र कधी शिकले नाही, त्यांनी नुसत्या डोळ्यांनी जे हेरले तेच पुढे शास्त्रीय नियतकालिकात छापून आले.

किमतीचा मुद्दा आता घेतो. लस फुकट होती असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. या लसीबद्दल सर्वांत जास्त तक्रार होती ती टोचलेल्या जागी होणाऱ्या वेदनेची. मात्रा अर्धवट सोडण्यामागे ही वेदना असल्याचे संशोधकांनीही मान्य केले आहे. शहरात बसून काम करणाऱ्याला दुखणारा दंड म्हणजे एका रात्रीची गैरसोय. कोयता चालवणाऱ्याला, सुपारीच्या बागेत ओझे वाहणाऱ्याला किंवा दिवसभर वाकून बी वेचणाऱ्याला तोच दंड म्हणजे बुडालेली मजुरी. मजुरीला जोडून सुट्टी नसते. मुलाला घेऊन आरोग्य केंद्रावर जाणाऱ्या आईची खेप, तिथली वाट पाहणे, परतीची एसटी, हे सगळे त्या फुकट मात्रेच्या किमतीत धरावे लागते. आणि ही किंमत एकदा द्यायची नव्हती. महिन्याभराने पुन्हा, सहा-नऊ महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी.

या लसीचा खरा दोष मला इथे दिसतो, आणि तो नुसत्या टक्केवारीतून कळत नाही. ज्या वस्तूची पहिली मात्रा दुखते, त्या वस्तूच्या दुसऱ्या मात्रेला माणसे गळतात, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. पण ज्या वस्तूची एकच मात्रा काहीही संरक्षण देत नाही, तिच्या बाबतीत ही गळती नुसती तूट राहत नाही. एकदा येऊन पुन्हा न आलेल्या माणसाने वेदनेची पूर्ण किंमत मोजलेली असते आणि बदल्यात त्याला शून्य मिळालेले असते. पुढच्या जानेवारीत तो आजारी पडला, की तो स्वतःला ‘अर्धवट लस घेतलेला’ मानत नाही. ‘लस घेऊनही आजारी पडलेला’ मानतो, आणि तसेच सांगतो. अशा रीतीने वेदना परिणामकारकता कमी करते, कमी परिणामकारकता विश्वास कमी करते, आणि उडालेला विश्वास पुढच्या वर्षीच्या वर्धक मात्रेलाही घेऊन बुडतो. या साखळीत अडाणीपणाला जागाच नाही. प्रत्येक पायरीवर माणूस हाती असलेल्या माहितीवरून शहाणपणाचाच निर्णय घेत असतो.

वेळापत्रकाबद्दलही थोडे. संरक्षण हंगामाच्या आधी हवे, म्हणजे दोन मात्रा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पूर्ण व्हायला हव्यात. त्या दिवसांत भीती सर्वांत कमी आणि भातकापणीचे काम सर्वांत जास्त असते. त्यात मोहिमेचा नियम असा होता की जिथे माकड किंवा माणूस बाधित सापडेल तिथून पाच किलोमीटरच्या परिघात लस द्यायची. म्हणजे आजार आधी येणार आणि लस नंतर. केर किंवा पालीसारखे गाव, जिथे याआधी कधीच रुग्ण सापडला नव्हता, ते या नियमात पहिल्या उद्रेकाआधी बसूच शकत नव्हते. शिवाय काजूच्या हंगामात काम करणारे सगळेच हात त्या गावचे नसतात. सत्तरीतील काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांना हा आजार झाल्याचे अभ्यासांत नोंदले गेले आहे. हंगामासाठी फेब्रुवारीत येणाऱ्या आणि मे महिन्यात जाणाऱ्या माणसाला महिन्याच्या अंतराने दोन मात्रा कुठल्या गावाने, कुठल्या राज्याने द्यायच्या, याचे उत्तर वेळापत्रकात नव्हते. सर्वाधिक धोक्यात असलेला ग्राहकच वस्तूच्या कक्षेबाहेर राहत होता.

विकसनशील देशांत लोक लसीला घाबरतात, या समजुतीकडे आता वळणे भाग आहे, कारण माकडतापाच्या लसीचे अपयश बहुतेक वेळा याच कपाटात ठेवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या आरोग्यापुढील दहा धोक्यांच्या यादीत लसीबाबतची अनिच्छा घातली, आणि तेव्हापासून ती संज्ञा आपल्याकडेही सर्रास वापरली जाऊ लागली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, वेलकम या ब्रिटिश न्यासाने केलेल्या जगभराच्या पाहणीत दक्षिण आशियातील ९५ टक्के लोकांनी लसी सुरक्षित असतात असे मत दिले होते, तर फ्रान्समध्ये दर तिघांपैकी एकाला ते मान्य नव्हते. कोविडच्या काळात दहा अल्प आणि मध्यम उत्पन्न देशांत केलेल्या अभ्यासातही सरासरी ८० टक्के लोक लस घेण्यास तयार आढळले, आणि अमेरिकेतले प्रमाण त्याहून बरेच कमी होते. ज्या समाजात लसीवर एवढा विश्वास आहे, जिथे बाळाला पोलिओचे थेंब पाजायला आई स्वतःहून येते, तिथे एखादी विशिष्ट लस वर्षानुवर्षे नाकारली जात असेल तर दोष शोधण्याची पहिली जागा कुपी हीच असली पाहिजे. सगळे नकार असेच असतात असे माझे म्हणणे नाही. अफवेने, धार्मिक संशयाने, राजकारणाने झालेले नकार याच देशाने पाहिले आहेत. मलनाडातला नकार मात्र त्या जातीचा नव्हता.

याच विषाणूकुळातील एका दुसऱ्या लसीशी तुलना केली तर मुद्दा अधिक उघड होतो. मध्य युरोपात गोचीडजन्य मेंदूज्वर हा जुना आजार आहे. ऑस्ट्रियात १९७६ मध्ये त्यावर आलेल्या पहिल्या लसीने चांगलीच रिॲक्शन यायची. ताप, डोकेदुखी, दुखणारा दंड, सगळे. तिथल्या उत्पादकांनी लोकांना धीर धरण्याचा उपदेश करण्याऐवजी लस शुद्ध करण्याची पद्धत बदलली. विषाणूखेरीजचा नको असलेला भाग काढून टाकल्यावर त्रास कमी झाला, आणि १९८१ पासून देशभर मोठी मोहीम हाती घेतली गेली. पुढे तिथे लोकसंख्येतील ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी ती लस घेतली आणि रुग्णसंख्या मोठ्या प्रमाणात घटली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या लसीचे वेळापत्रकही सुटसुटीत नाही: तीन मात्रा, आणि काही वर्षांच्या अंतराने वर्धक मात्रा. आजार गोचिडीचाच, धोका रानात जाणाऱ्यालाच, सुरुवातीच्या मात्रा तेवढ्याच, आणि सरासरी ऑस्ट्रियन माणूस दोडामार्गच्या बागायतदारापेक्षा जास्त सोशिक असतो असे मानायला काही आधार नाही. फरक वस्तूत होता. आपल्याकडे १९६० च्या दशकात ठरलेली पद्धत आणि १९५७ चा वाण घेऊन तीच लस एकविसाव्या शतकाचा बराच काळ चालवली गेली.

उत्पादनाच्या दर्जापेक्षाही मला जास्त खटकते ती अभिप्रायाची वाट. मात्रा अर्धवट सोडणारा प्रत्येक माणूस वस्तूबद्दल काहीतरी सांगत होता. त्याचे म्हणणे २०१३ मध्ये शास्त्रीय भाषेत, आकड्यांसह छापून आले. त्यानंतरही नऊ वर्षे तीच लस, त्याच वेळापत्रकाने दिली गेली. त्या काळात २०१८-१९ च्या हंगामात सागर तालुक्यातील अरळगोडू भागात मोठा उद्रेक झाला आणि अनेक माणसे दगावली. दरम्यान ही लस सीमा ओलांडून सिंधुदुर्ग आणि सत्तरीतही दिली गेली, म्हणजे जिच्या मर्यादा मूळ जिल्ह्यांत कळून चुकल्या होत्या ती नव्या ग्राहकाकडे नव्या आश्वासनासह गेली. एका मात्रेचा काही उपयोग नाही, हे टोचण्याआधी स्पष्ट सांगितले असते तर कदाचित पहिल्या मात्रेला लोक कमी आले असते. पण जे आले असते ते दुसरीलाही आले असते.

लसीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तीन मात्रा नेमाने घेणाऱ्याला ८३ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळत होते, आणि ज्या आजारावर औषध नाही त्यात हे प्रमाण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वर्षाला काही शे रुग्ण, तेही गरीब आणि जंगलाकाठचे, अशा आजाराच्या लसीत कोणत्याही मोठ्या कंपनीला रस नव्हता; पशुलसी बनवणाऱ्या सरकारी संस्थेने ती बनवली नसती तर तीस वर्षे काहीच नसते. पावसापाण्यात शीतपेटी खांद्यावर टाकून वाड्यावाड्यांवर गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा यात दोष शोधणे तर निव्वळ अन्याय ठरेल. ज्या वस्तूची बाजू त्यांना मांडावी लागत होती, ती बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, आणि शिव्या मात्र त्यांनाच खाव्या लागल्या.

सध्या लसीच्या जागी उरले आहे ते गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचे तेल. पूर्वी डीएमपी तेल वाटले जात असे; अलीकडे संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले डेपा हे गोचीडरोधक कर्नाटकात वाटले जाते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तेलाचा एक मोठा गुण आहे: त्याचा परिणाम डोळ्यांसमोर तपासता येतो. लावले त्या दिवशी अंगावर गोचिडी चढल्या की नाही, हे माणूस संध्याकाळी स्वतः पाहू शकतो. म्हणूनच ते वापरा असे सांगणे तुलनेने सोपे जाते. दोषही तितकाच उघड आहे. मार्च-एप्रिलच्या घामात ते टिकत नाही, दिवसातून पुन्हा लावावे लागते, आणि पाचोळ्यात हात घालणारा माणूस दुपारी पुन्हा बाटली शोधत बसत नाही. अंगभर कपडे, पँट मोज्यांत खोचणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे लगेच धुणे, हे सगळे तेलाबरोबरच करायचे आहे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवायचे आहे, कारण ते पडल्या जागी त्याच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपासच्या पाचोळ्यात पसरलेल्या असतात. या सगळ्याला पर्याय म्हणून नव्हे, तर पुरवणी म्हणून लस हवी आहे.

नव्या लसीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून करत आहेत. रेबीजवरची अभयरॅब बनवणारी हीच कंपनी. लस याही वेळी निष्क्रिय विषाणूचीच आहे, पण प्रतिसाद वाढवणाऱ्या सहायक द्रव्यासह, आणि २८ दिवसांच्या अंतराने दोन मात्रांची योजना आहे. माणसांवरील चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यात सुरक्षितता तपासली जाते, आणि रुग्णसंख्या कमी व विखुरलेली असल्याने प्रत्यक्ष संरक्षण किती हे कळायला बराच वेळ लागेल.

तोवर जुन्या लसीवर शेरा मारायचा तर असा मारेन: नेमाने तिन्ही मात्रा घेणाऱ्यासाठी उपयुक्त, एकच घेणाऱ्यासाठी निरुपयोगी, आणि एकच मात्रा घेणारे जास्त निर्माण होतील अशीच तिची घडण. नव्या लसीची कुपी दोडामार्गच्या किंवा सत्तरीतील वाळपईच्या आरोग्य केंद्रात येईल तेव्हा बाही वर करण्याआधी मी विचारीन की एका मात्रेनंतर मला नेमके किती संरक्षण आहे. दंड किती दिवस दुखतो आणि त्या दिवसांची मजुरी कुणी धरली आहे का. आणि फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्यातील खानापुराहून काजू वेचायला येणाऱ्या मजुराला पहिली मात्रा त्याच्या गावी आणि दुसरी इथे मिळेल अशी नोंद दोन्ही राज्यांच्या वहीत कशी राहणार आहे. यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चाचणीत मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळा देणार नाही. ते पणजी, मुंबई आणि बंगळूरच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून लसीच्या आधी तयार ठेवायला हवे.